नोंद सापडली नाही

कॉम्प्युटरच्या धंद्यात मी जे शिकले, त्यातलं बरंचसं पुण्याच्या ऑफिसात नाही, दौंडच्या एका प्रसूतिगृहात शिकले. तेही काउंटरमागच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून.

नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. आमची कंपनी म्हणजे सर, एक मुलगा आणि मी. माझं माहेर दौंडचं आणि सासर शिरूरचं, म्हणून "तो पट्टा तुझा" असं सरांनी परस्पर ठरवून टाकलं. न्हावऱ्यामार्गे एसटीत हाडं खिळखिळी व्हायची ती माझी. सर खुशाल फोनवरून विचारायचे, पोचलीस का?

काम तसं सरळ होतं. शिरूरला एका डॉक्टरांचं प्रसूतिगृह, दौंडला त्यांच्या धाकट्या बहिणीचं. आमच्याकडे पोरीच्या तपासण्या सासरी होतात आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते. त्यामुळे भावाची पेशंट बहिणीकडे येणं हे नेहमीचंच. फाइल मात्र सासरच्या कपाटात राहायची. मग डॉक्टरीणबाई भावाला फोन लावायच्या, अशी अशी पोरगी आलीय, तुझ्याकडची आहे का बघ. ओपीडी सोडून भाऊ फायली उपसत बसायचा. हा वैताग संपावा म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. शिरूरची सगळी माहिती टेलिफोनच्या तारेवरून रोज दौंडच्या कॉम्प्युटरवर येणार, इथं काउंटरवरच्या बाईंनी नाव टाकलं की पेशंटचा सगळा इतिहास समोर हजर.

पेशंट शोधायचा तो नाव, आडनाव आणि गाव यांवरून, असं सरांनी ठरवलं. ते पाहून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, लग्न झालं की बाईचं हे तिन्ही बदलतं. ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं की झालं, सासरी वेगळी, माहेरी वेगळी. माझंच बघा ना. माहेरच्या नावाचा एक रकाना टाकू या. सर म्हणाले, करारात तेवढं नाही, पुढच्या व्हर्जनला बघू. सर वाईट नव्हते हो. माझी मुलगी तापानं फणफणली तर स्वतः रिक्षा बघून मला घरी पाठवणारा माणूस. पण त्यांचं नाव बारशापासून एकच, त्यांना काय कळणार!

सिस्टीम चालू झाली आणि मी काउंटरवरच्या बाईंना शिकवायला दौंडला जाऊन बसले. बाई हुशार होत्या. आधी की-बोर्डला हात लावायला बिचकायच्या, आता आलेल्या प्रत्येकीचं नाव मोठ्या हौसेनं टाइप करत होत्या. डॉक्टरीणबाईही खूश. भावाला फोन करणं त्यांनी बंदच केलं.

एका दुपारी पाटसकडून एक जीप आली. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, त्यामुळे बराच उशीर झालेला. आत कळा देऊन दमलेली पोरगी, पहिलटकरीण, आणि तिची आई. पोरगी तोंडातून अक्षर काढत नव्हती. ओठ दाबून नुसती आईचा हात धरून होती. विचारेल त्याला उत्तर आई देत होती. नाव आईनं सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. बाईंनी टाइप केलं. पडद्यावर आलं, नोंद सापडली नाही.

बाईंनी आत हाक दिली, "आपल्याकडची नाही. नवीन पेशंट."

सिस्टरनी रीतीप्रमाणे विचारलं की पूर्वी कुठल्या औषधाचा, इंजेक्शनचा त्रास झालाय का. आईनं ठणकावून सांगितलं, "न्हाई. माझी पोर कवाच आजारी पडली न्हाई." पोरीनं मान थोडी हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कळा सोसणाऱ्या बाईची मान कोण वाचत बसणार? तिला आत नेलं. बाळाचे ठोके मंदावत होते. सीझर करावं लागणार होतं.

आई काउंटरशी आली आणि म्हणाली, जावयांना कळवा, ते शिक्रापूरच्या कंपनीत पाळीवर असतील. घर कुठं विचारलं तर म्हणाली, शिरूरच्या अलीकडंच. शिरूरच्या अलीकडची पोर तपासायला कुठं जाणार? मी विचारलं, मावशी, सासरी हिला काय नावानं हाक मारतात?

ती मान वळवून म्हणाली, "ते तिकडलं नाव हाय. माझ्या तोंडात न्हाई बसत."

मी म्हटलं, बसू नका देऊ, नुसतं एकदा सांगा. तिनं नाव सांगितलं, मग सासरचं आडनाव आणि गावही. मी बाईंच्या हातातून की-बोर्ड ओढून घेतला आणि ते सगळं टाकलं. सगळं समोर आलं. शिरूरच्या डॉक्टरांनी सगळ्यांत वर लाल अक्षरांत लिहिलं होतं की हिला अमुक इंजेक्शन देऊ नये, दिल्यावर श्वास कोंडला होता, मोठ्या मुश्किलीनं वाचली.

मी धावले. चपला काढायचंही भान राहिलं नाही. सिस्टरच्या हातात सिरिंज भरलेली होती आणि ती नेमकी त्याच औषधाची होती. मी ओरडले की नुसती हात हलवत उभी राहिले, मला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, सिरिंज सिस्टरच्या हातातून घेतली आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली. दुसरं औषध काढायला सांगितलं आणि मला बाहेर काढून दार लावून घेतलं.

मुलगा झाला. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. बाळाचं रडणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला आणि मी काउंटरवर डोकं टेकून चक्क रडले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या थेट टेलिफोनपाशी गेल्या आणि त्यांनी भावाला फोन लावला. कॉम्प्युटर असू दे नाहीतर नसू दे, यापुढे मी तुला फोन करणार म्हणाल्या. मला मुळीच राग आला नाही. "नोंद सापडली नाही" म्हणजे फक्त आम्हाला सापडली नाही, एवढाच अर्थ. पेशंट नवीन आहे, ठणठणीत आहे, असं कॉम्प्युटरनं म्हटलंच नव्हतं. ते आपण आपल्या मनानं जोडलं होतं. पुढं कितीही मोठ्या सिस्टीमवर काम केलं तरी हा धडा मी सोडला नाही. सरांनीही करार-बिरार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात माहेरच्या नावाचा रकाना टाकला, आणि मला न सांगता.

पण त्या संध्याकाळचं खरं राहिलंच. पोरीच्या आईला मी शिरूरच्या नोंदीसकट सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ती हात जोडेल, आशीर्वाद देईल. ती बाकावर बसली. मग म्हणाली, "माझी पोर तिकडं मरत हुती, आन् मला हे मशीन सांगतंय व्हय?"

ती उठली, पोरीच्या खाटेशी गेली. मीही मागोमाग गेले. तिनं मला सांगितलं, शिरूरच्या मशीनमध्ये माझं नाव घाला, हिला काय बी झालं तर पहिलं मला कळलं पाहिजे. आमच्या सिस्टीममध्ये कळवायच्या माणसाच्या जागी फक्त नवऱ्याचं नाव होतं. मी म्हटलं, घालते, पण फोन नंबर लागेल. तिच्या घरी फोन कुठला! शेजारच्या किराणा दुकानात होता, पण तो नंबर काही तिला सांगता येईना.

तेव्हा खाटेवरची पोरगी पहिल्यांदा बोलली. डोळे मिटलेलेच होते. तिनं त्या दुकानाचा नंबर एका दमात सांगितला, कुठं न अडखळता. आई तिच्याकडे बघत राहिली. नंबर पोरीला तोंडपाठ होता, तिकडं श्वास कोंडला होता तेव्हाही असणार. तेव्हा तो कुणी लावू दिला नाही की तिनंच लावला नाही, हे आईनं विचारलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.