तांब्याच्या पट्टीवरचे दोन डाग

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका नव्या पॅनलची वायरिंग तपासत होते. फोन नवऱ्याचा होता. "ताई गेली गं," एवढंच म्हणाला. सकाळी त्यांनी गॅसवर चहा ठेवला, खुर्चीत टेकल्या आणि तिथेच सगळं संपलं. करपल्याचा वास आला म्हणून शेजारच्या बाई धावत आल्या. कुठे काय जास्त तापतंय ते शोधत नाशिकभर फिरणारी ही बाई, आणि तिच्या स्वतःच्या घरात चहाचं पातेलं काळं पडेपर्यंत कुणाला पत्ता नाही! मला रडू यायच्या आधी राग आला. अजूनही येतो.

सुमनताई माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. एकलहऱ्याला वीजकेंद्रात टेस्टिंगच्या कामात त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही आणि का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मला बघायला आले तेव्हा सगळे पोहे खात गप्प बसलेले, आणि ताईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा ना? मग घरातली ट्यूब कोण बदलतं?" मी म्हटलं, मीच. त्यावर भावाने तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "पसंत आहे." त्यामुळे माझं लग्न नक्की कुणी ठरवलं, यावर आमच्या घरी आजही चेष्टा चालते.

त्या रिटायर झाल्या आणि पहिल्याच महिन्यात कंटाळून आमच्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, "रेखा, आपण थर्मल कॅमेऱ्याचं काम सुरू करू." विजेच्या जोडणीत एखादा बोल्ट सैल असला, वायरचं टोक नीट दाबलेलं नसलं, की ती जागा आतल्या आत तापत राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि एक दिवस धूर निघतो. हा कॅमेरा उष्णतेचं चित्र काढतो. गार ते निळं, गरम ते पिवळं, फार गरम ते पांढरं. दोघींनी मिळून कॅमेरा घेतला आणि महिनाभर घरातच शिकत बसलो. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, देवघरातली समई, काही सोडलं नाही. काचेच्या आरपार त्याला दिसत नाही हे खिडकीपाशी कळलं. ताई सोफ्यावरून उठून गेल्या की त्यांच्या बसण्याचा पिवळा डाग सोफ्यावर बराच वेळ दिसायचा. "अहो ताई, केवढी जागा अडवता!" असं मी म्हणायचे. "वजनदार माणूस आहे मी," असं त्या ऐकवायच्या.

पहिलं काम मिळालं दिंडोरीकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये. मालक बाळासाहेब स्वतः द्राक्षबागायतदार. त्यांचं म्हणणं, सीझन सुरू व्हायच्या आधी येऊन तपासून जा. ताईंनी साफ नाही म्हटलं. "बसलेल्या माणसाला धाप लागत नाही. त्याला जिना चढायला लावा, मग कळतं." कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालू असतील तेव्हाच जोडणी तापणार आणि तेव्हाच ती कॅमेऱ्यात दिसणार. म्हणून आम्ही ऐन तोडणीच्या दिवसांत गेलो. आत द्राक्षांच्या पेट्या थंड व्हायला लावलेल्या, बाहेर आणखी गाड्या उभ्या. थंडी मी म्हणत होती. ताईंनी हातातल्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या. चालू पॅनलसमोर अंगावर धातू नको, हा त्यांचा नोकरीतला नियम. मोकळ्या मनगटात काळ्या टेपचं रीळ चढवलं आणि आम्ही पॅनलसमोरच्या रबरी चटईवर शेजारी शेजारी उभ्या राहिलो. ताई उजवीकडे ऐसपैस, मी डाव्या कडेला जेमतेम.

पॅनल नवीन, तांब्याच्या रुंद पट्ट्या अगदी चकचकीत. मी कॅमेरा लावला. मधल्या पट्टीवर दोन पिवळे डाग, शेजारी शेजारी! एक चांगला रुंद, एक बारीक. बाळासाहेबांना लगेच सांगितलं, बंद करा. आत माल असताना कॉम्प्रेसर बंद करायचे म्हणजे त्यांचा जीव वरखाली, पण केले. वायरमन नामदेवने पट्टीचे सगळे बोल्ट आवळले. पुन्हा चालू केलं, पुन्हा पाहिलं, तर डाग जिथल्या तिथे. नामदेव वैतागला. "मॅडम, समदे बोल्ट टाईट केले ना! त्यात काय बी नाय." बाळासाहेब नुसते येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात ताईंच्या खिशातला बांगड्यांचा रुमाल खाली पडला. त्या उचलायला वाकल्या, आणि पट्टीवरचा रुंद डाग गायब! त्या उभ्या राहिल्या, डाग परत आला. मी एक पाऊल सरकले, तर बारीक डागही सरकला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं... चकचकीत तांबं आरशासारखं असतं. ते स्वतःची उष्णता धड दाखवत नाही, समोरच्याची दाखवतं. ज्या बिघाडासाठी आम्ही सगळं बंद पाडलं, तो बिघाड म्हणजे आम्ही दोघी होतो.

मी एकटी असते तर काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली असती. ताई सरळ बाळासाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, चूक आमची. ते डाग आमचेच. पण आता आणखी एकदा बंद करा. तांब्यावर टेप लावते, मग खरं काय ते दिसेल." बाळासाहेबांचा आधी विश्वासच बसेना. मग त्यांनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला, पट्टीसमोर जाऊन उजवा हात हलवला, आणि पडद्यावरचा पिवळा ठिपका हलताना पाहून हा बाप्या खदाखदा हसत सुटला. "नामदेव, ये लवकर, तुझा बी फोटो काढू!" हसणं ओसरल्यावर म्हणाले, "लावा ताई टेप. पण आता लय लवकर उरका."

काळी टेप चमकत नाही, त्यामुळे तिच्यावरून खालच्या तांब्याचा खरा ताप वाचता येतो. टेप लावून बघितलं तर पट्ट्या ठणठणीत. पण खाली, कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या तीन केबल्सपैकी मधल्या केबलचं टोक शेजारच्या दोघींपेक्षा कितीतरी पिवळं होतं. तिघींवर भार सारखा, मग एकटीलाच ताप का? संध्याकाळी माल गाडीत चढल्यावर नामदेवने ते टोक सोडवलं, तर आवरण तपकिरी होऊन कडकडीत झालेलं. बाळासाहेब बराच वेळ ते हातात धरून बसले होते. आम्ही निघताना त्यांनी एवढी द्राक्षं दिली की गाडीचा मागचा दरवाजा लागेना.

तेव्हापासून दर सीझनला तिथे जायचं ठरून गेलं, आणि बाळासाहेबांच्या शब्दावर पुढची कामंही मिळत गेली. कुठल्याही पॅनलसमोर गेल्यावर ताई आधी जागच्या जागी डोलायच्या. त्यांच्याबरोबर काही डोलतंय का, ते बघायच्या. "आधी आपल्याला शोधायचं रेखा, मग बिघाड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कारखान्यातली माणसं चकित होऊन बघत राहायची आणि मी खालमानेने हसू दाबायचे. किती हसलोय आम्ही त्या गाडीत, एका कामावरून दुसऱ्या कामाला जाताना...

त्या गेल्यावर मी कॅमेरा कपाटात वरच्या खणात ठेवून दिला. काम बंद करायचं ठरवलं होतं. एकटीने हे करायचं माझ्याच्याने होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर करायचंही नव्हतं. संक्रांतीनंतर बाळासाहेबांचा फोन आला. "मॅडम, ताईंचं कळलं. मी दारावर आलो होतो, तुम्ही भेटला नाहीत... माल लागलाय आत. दुसऱ्या कुणाला बोलवू का? तुम्ही म्हणाल तसं." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "उद्या येते" म्हणाले.

कॅमेऱ्याच्या पिशवीत ताईंच्या काळ्या टेपचं अर्धं रीळ होतं. मी बांगड्या काढल्या, ते मनगटात चढवलं. माझ्या हाताला ते फारच सैल, कोपरापर्यंत घसरत होतं. नामदेवने पॅनलचं दार उघडलं. मागे बाळासाहेब डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे. त्यांच्या पॅनलमध्ये एक जागा ताईंनी मुद्दाम टेपशिवाय उघडी ठेवायला लावली होती, नव्याने शिकणाऱ्याला दाखवायला म्हणून. मी कॅमेरा तिकडे धरला. निळ्या पट्टीवर एक डाग आला, बारीक. मी डोलले. तोही डोलला.

"हाय का काही, मॅडम?" नामदेवने हळूच विचारलं.

"काही नाही, मीच आहे," मी म्हटलं. आणि मग माझं लक्ष पायांकडे गेलं. एवढी मोठी रबरी चटई, माझ्याशिवाय तिच्यावर कुणी नाही, आणि मी अगदी डाव्या कडेला अंग चोरून उभी होते... उजवीकडे ताईंना पुरेल एवढी जागा सोडून.