मामीच्या रुखवतातली बरणी

तलवाड्याच्या मामीच्या घरून कुणी पाहुणा लघवी न करता निघाला, तर मामीला तो स्वतःचा अपमान वाटायचा. इतरांच्या घरी चहाचा आग्रह होतो. मामी चहा झाला की परसातल्या पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवायची. "च्या पिलात आमचा, अन् आता दुसऱ्याच्या बांधावर का म्हून सांडता?" हे तिने मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्यालाही विचारलं होतं, आणि तोही कार्यकर्त्यांसकट मुकाट आत जाऊन आला होता.

खोलीमागे निळा ड्रम होता. कुठल्याशा कृषी मेळाव्यातून मामी ही विद्या शिकून आली आणि तिला वेडच लागलं. साठलेली लघवी काही दिवस झाकून ठेवायची, मग तिच्यात कृषी केंद्रातून आणलेलं मॅग्नेशियम सल्फेट घालून ढवळायचं. तळाशी पांढरा साका बसला की तो मामाच्या धोतरातून गाळून सावलीत वाळवायचा. झालं खत तयार! वरचं उरलेलं, भरपूर पाणी घालून, लिंबोणीला. "सोन्यावानी माल नालीत सोडत्यात अन् दुकानातून गोण्या आणत्यात, लई शाणे!" असं ती गावाला ऐकवायची. गाव तिला मागून 'मूतमामी' म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं आणि ती मनातून खूश होती. तिची वांगी मात्र सगळं गाव मिटक्या मारत खायचं.

रेखाचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं, लग्न कडा गावच्या मुलाशी ठरलं तेव्हा मामाने हात जोडले. घर चांगलं होतं, मुलगा रेखाला मनापासून आवडला होता, आणि या भानगडीपायी सोयरीक मोडली तर? "लगीन हुईस्तोवर त्या ड्रमाचं नाव काडू नको." "न्हाई काडत," मामी म्हणाली. लग्नाच्या दिवशी तिने ड्रमावर चांगली जरीची साडी पांघरली. मामाने सुटकेचा निःश्वास टाकला.

अक्षता पडायच्या आधी वरपक्ष रुखवत बघायला आला. कुरडया, शेवया, विणलेले रुमाल, आणि मधोमध सोनेरी रिबीन बांधलेली, पांढऱ्या भुकटीची बरणी. नवरदेवाच्या मामांना वाटलं, पिठीसाखर. रुखवतातलं चाखून बघणं हा वरपक्षाचा हक्कच! त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं आणि तोंडाकडे नेलं. मामी अक्षतांचं ताट माझ्या हातात कोंबून किंचाळत धावली, "थांबा पावणं! खाऊ नका! खत हाय त्ये! साखरपुड्याला तुमीच सगळे आलता न्हवं? तुमचंच हाय!"

सनई बंद झाली. नवरदेवाचे मामा ते बोट अंगापासून लांब धरून उभे होते. आमचा मामा मटकन खुर्चीत बसला. झालं, मोडलं लग्न, असं मलाही वाटलं.

तेवढ्यात फिस्सकन आवाज आला. सकाळपासून खाली मान घालून बसलेली रेखा मुंडावळ्यांआड गदागदा हसत होती. तिला बघून नवरदेवालाही हसू फुटलं. मग तिचा मिशाळ, भारदस्त सासरा असा हसला की त्याचा फेटाच सुटला. "आमचाच माल अन् आमालाच आहेर व्हय, विहीणबाई?"

पाठवणीला मामी रेखाच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडली. पण हुंदक्यांच्या मधून वऱ्हाडाला सांगत होतीच, "कडा लांब हाय... जाऊन या तिकडं... रांगेनं जावा..." आणि वऱ्हाड खरंच रांगेत उभं राहिलं. सगळ्यांत पुढे सासरा.

मामी गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिची फार आठवण येते. परवा कड्याला रेखाकडे गेलो होतो. जेवण झालं, गप्पा झाल्या, मी चपला घातल्या, तर रेखा कमरेवर हात ठेवून दारात आडवी.

"दादा, तसाच निघालास व्हय?"

परसात पत्र्याची खोली होती. मागे निळा ड्रम. मला जायची काही गरज नव्हती. तरी गेलो, आणि मामीसाठी म्हणून जरा जास्तच वेळ उभा राहिलो.