तळमजल्याचा शब्द

बोलता बोलता ते भिंतीवर थाप मारायचे. बैलाच्या पाठीवर मारतो ना आपण, तशी. सपाट हाताने, प्रेमाने. आणि म्हणायचे, "अरे, माणूस पळेल, कंपनी पळेल. शहर कुठं पळून जातंय?"

भिंत कुठलीही चालायची. ऑफिसची, पानवाल्याची, माझ्या दुकानाची. माझ्या भिंतीवर थाप बसली की वरून चुना पडायचा आणि ते खांदा झटकत हसायचे.

हे आमचे साहेब. दिल्लीच्या कडेला वाढलेल्या एका शहराच्या नगरपालिकेत हिशेबाचे मोठे अधिकारी. शहराचं नाव लिहीत नाही, कारण त्या बाजूच्या चार शहरांना हे वर्णन लागू पडेल. मी तिथल्या जुन्या सराफ बाजारात गलाईच्या दुकानात बसायचो. आमच्या विट्याकडची पोरं अशीच जातात. आठवी झाली नाही तोवर कुणी मामा किंवा चुलता घेऊन जातो, आणि मग जन्मभर परक्या मुलखात जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, लगड करून सराफाला परत द्यायची. मला सगळ्याचीच भीती वाटायची. पोलिसांची, ॲसिडच्या परवान्याची, कोणी हिंदीत भरभर बोललं तर त्याचीही.

साहेब पहिल्यांदा आले ते परवान्यांच्या फीची वसुली तपासायला. आत डोकावले आणि एकदम मराठीत म्हणाले, "कुठले तुम्ही?"

मी गाव सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं.

"विट्याजवळ का? मग तुम्ही विटेकर."

माझं आडनाव ते नव्हे. पण साहेबांनी ठेवलेलं नाव मी आजवर खोडलेलं नाही.

त्यांचं घराणं दोन पिढ्या दिल्लीत होतं. घरात मराठी पुण्याची, पण मधेच "अच्छा", "बिल्कुल". त्यांच्या मुलाला 'उंबरठा' हा शब्द येत नव्हता. तो 'दहलीज' म्हणायचा आणि वहिनी कपाळाला हात लावायच्या. या वहिनींचे उपकार मी कसे सांगू? माझ्या बायकोला हिंदीचं अक्षर येत नव्हतं आणि ती सरकारी दवाखान्यात अडली. आतून डॉक्टरीण ओरडायची, "ज़ोर लगाओ!" आणि दारातून वहिनी ओरडायच्या, "कळ दे गं बाई, कळ दे!" शेवटी डॉक्टरीणच म्हणाली, "इन्हीं को अंदर ले लो." माझी मुलगी अशी दोन भाषांच्या मधून आली.

दर जानेवारीत साहेब आम्हा मराठी माणसांना बसमध्ये घालून पानिपतला, लढाई झाली त्या 'काला अंब'च्या जागी न्यायचे. लोक नमस्कार करायचे, घोषणा द्यायचे. साहेब बाजूला उभे राहून माझ्या कानात म्हणायचे, "पराक्रमाला तोटा नव्हता, विटेकर. पैसा वेळेवर पोचला नाही. रसद!" लढाईकडेही ते हिशेबाच्या खिडकीतूनच बघायचे.

तेव्हाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. रोज नवी गाडी रस्त्यावर दिसायची, शेतांत इमारती उगवत होत्या. आमचा बाजार मात्र पडायला आलेला. नगरपालिकेनं ठरवलं, तो पाडून तिथे मोठी इमारत बांधायची. पैसा नव्हता. तेव्हा साहेबांनी मांडलं की नगरपालिकेनं रोखे काढावेत. लोकांनी शहराला कर्ज द्यायचं, आणि नव्या गाळ्यांचं जे येईल त्यातून शहरानं व्याज भरायचं.

मी म्हटलं, "म्हणजे भिशीच की."

"भिशीवाला पळतो रे." भिंतीवर थाप. "शहर कुठं पळून जातंय?"

शहर भरवशाचं आहे का, हे बघायला बाहेरून माणसं आली. ती यायची म्हणून गटारं उपसली, म्हशी हाकलल्या. बाजूचे लालाजी, त्यांचं दागिन्यांचं दुकान, मला म्हणाले, "मराठे, ये तो लड़की देखने वाले आए हैं. पसंद आ गई तो ठीक, वरना भैंसें वापस." पसंत पडली. साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन बाजारभर फिरले. "शहर पास झालं!" आठवीतच शाळा सुटली माझी. पास झाल्याचे पेढे आयुष्यात तेवढेच खाल्ले, तेही शहराच्या निकालाचे.

मग आम्हाला जागा खाली करायला सांगितलं. दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये बसा, मग परत या. गलाईला भट्टी लागते, धूर आणि ॲसिडचा वास बाहेर जायला वाट लागते. वरच्या मजल्यावर कोण भट्टी लावू देणार? मी साहेबांना विचारलं.

"जुन्या लोकांना तळमजला," ते म्हणाले. "मी सांगतोय ना."

झालं. आमच्या धंद्यात सराफ मूठभर सोनं माझ्यापुढे टाकून चहाला जातो. तो पावती मागत नाही, मी देत नाही. पावती मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. अख्खा सराफा असाच तोंडावर चालतो. तेव्हा साहेबांनी तळमजला म्हटल्यावर कागद मागायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जागा सोडतो म्हणून पहिली सही मी केली. लालाजींनी माझ्याकडे बघून केली, बाकीच्यांनी लालाजींकडे बघून.

दुकान सोडताना आम्ही जमीन खणतो. वर्षानुवर्षं उडालेले कण मातीत बसलेले असतात. ती माती भाजायची, धुवायची, आटवायची. साहेब ऑफिसचे कपडे घालून माझ्याशेजारी उकिडवे बसून बघत होते. शेवटी मुशीच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा मणी निघाला.

"एवढं जमिनीत होतं?"

"जमिनीत पडलेलं जात नाही, साहेब."

"आता याचं काय करणार?"

"आमच्या घरात रीत आहे. नव्या दुकानाच्या उंबऱ्याखाली घालायचा."

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "मग मी येणार हां घालायला. मला सोडून घालायचा नाही." मी मणी काडेपेटीत ठेवला.

इमारत उभी राहायला फार वेळ लागला. तोवर हायवेवर काचेचे मॉल आले, आणि आमच्या इमारतीचे वरचे गाळे कुणी घेईना. साहेब रोज बांधकामावर जायचे. ओल्या भिंतीवरही थाप मारायचे, पण आता बोलायचे कमी. मी विचारलं की म्हणायचे, "होईल." मला ते 'होईल' ऐकून झोप लागायची नाही.

एके दुपारी ते शेडमध्ये आले. शिपाई नाही, गाडी नाही. उन्हानं पत्रा तापलेला. मी स्टूल दिलं, बसले नाहीत.

"तळमजला गेला, विटेकर."

"गेला म्हणजे?"

"लिलाव होणार. व्याजाची तारीख आलीय. वरचं काही विकलं जात नाही, तळमजलाच तेवढा विकला जातो. सभेत ठराव झाला. ठराव मांडला मीच."

"आणि आमचं काय?"

"दुसरा मजला."

"भट्टी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

लालाजी आपल्या खोक्यातून उठून आले. मला वाटलं शिव्या देतील. ते फक्त म्हणाले, "साहब, आपने कहा था."

"हां लालाजी. कहा था." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू, "ज्यांनी रोखे घेतले त्यांना मी लिहून दिलं होतं. कुणाच्या फंडाचा पैसा आहे त्यात, कुणाच्या पेन्शनचा. ते चुकलं असतं तर पुन्हा या शहराला कुणी दारात उभं केलं नसतं. तुम्हाला नुसतं तोंडानं सांगितलं होतं. तुम्ही कागद मागितला नाहीत, ते मला कळतं. पण मी कागदाचा माणूस. मी तरी न मागता द्यायला हवा होता."

व्याज वेळेवर भरलं गेलं. शहराचं नाव राहिलं. पेढे मात्र कुणी वाटले नाहीत.

बाजारात मला टोमणे बसू लागले. "तेरा मराठा कैसा है?" कुणी चहा पिता पिता विचारायचं. मी काय सांगणार? राग यायचा, पण राग आला की 'कळ दे गं बाई' ऐकू यायचं. माणसानं आपलं भलं केलेलं असलं की त्याचं चुकलेलंही धड मोजता येत नाही. तुमचंही कुणाच्या बाबतीत असं झालं असेल.

लालाजी दुसऱ्या मजल्यावर गेले नाहीत, मीही नाही. शेड पाडायचा हुकूम यायचा, परत जायचा. मागून कुणीतरी तो हुकूम थांबवत होतं, एवढं आम्हाला कळायचं. कोण, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

साहेब रिटायर झाले आणि पुण्याला मुलाकडे जायला निघाले. जाण्याआधी भेटायला आले. वहिनींनी माझ्या मुलीला फ्रॉक पाठवला होता. साहेब स्टुलावर बसले.

"तो मणी आहे?"

मी देवाच्या फोटोमागून काडेपेटी काढून उघडली. त्यांनी वाकून बघितलं, हात लावला नाही.

"बायकोच्या नथीत घाल रे."

"नाही साहेब. उंबऱ्याचा आहे तो. तुम्ही येणार होता ना घालायला."

ते उठले. चष्मा पुसला. जुन्या सवयीनं त्यांचा हात शेजारी गेला आणि ते म्हणाले, "विटेकर, शहर कुठं..."

हात पत्र्यावर पडला. पत्रा केवढ्यानं वाजला! लालाजी शेजारून दचकून उठले. साहेबांनी हात मागे घेतला, तळव्याकडे बघितलं, खिशात घातला. वाक्य तसंच राहिलं. पायऱ्या नसलेल्या त्या दारातून ते जपून उतरले आणि रिक्षात बसले.

त्यानंतर ते दिसले नाहीत. वहिनींचं पत्र आलं, त्यात ते गेल्याचं कळलं. मी बायकोला वाचून दाखवायला लागलो आणि मधेच घडी करून ते काडेपेटीशेजारी ठेवलं.

सोनं वितळत असताना भट्टीवरून नजर काढायची नसते, हा आमचा पहिला धडा. पण शेड अजून आहे, आणि वाऱ्यानं पत्रा वाजला की माझी नजर दाराकडे जातेच.