सात प्लेटा आणि एक थाळी

"तुमच्या लोकांना हाडंच आवडतात ना? खास ठेवायला सांगितली," मॅनेजरसाहेब म्हणाले.

माझ्यापुढे जर्मनची चेपलेली थाळी. तीत थंडगार भात, वर पिवळं पाणी आणि हाडं. बाकीच्या सहा गड्यांपुढे आणि साहेबांपुढे चिनी मातीच्या पांढऱ्या प्लेटा. तंदुरी कोंबडी, कांदा, लिंबू.

नाशिकमधल्या एका क्लबचा बार होता तो. भिंतीवर बॅटी, ढाली, जुन्या खेळाडूंचे फोटो. कोपऱ्यात टीव्हीवर क्रिकेट चाललेलं. त्याच सकाळी आम्ही कारखान्यांची कबड्डी जिंकली होती. शेवटची चढाई माझी. मी टेंपररी कामगार. साहेबांनी कबूल केलं होतं, कप आणलास की पर्मनंट. आईने तांब्यात निखारे घालून माझ्या शर्टाला इस्त्री केली होती. तंदुरी कोंबडी तोवर मी द्वारका चौकात हॉटेलांबाहेर उभं राहून नुसती हुंगली होती.

सगळे हसले. कॅप्टन सगळ्यांत मोठ्याने.

"खा की लेका, साहेबांनी लय आठवणीनं ठेवलंय."

सकाळी याचाच ओठ फुटला होता. रक्त थांबेस्तोवर मी अंगठ्याने दाबून धरला होता. तेव्हा माझा अंगठा चालला. मैदानात माझा घाम चालला. ताट आलं आणि मी पुन्हा महारवाड्यातला झालो.

मी एक हाड उचललं. खोटं कशाला बोलू, खाणार होतो. पर्मनंट व्हायचं होतं. तोंडाशी नेलं तर त्यावर दातांच्या खुणा. कुणीतरी आधीच चघळून टाकलेलं.

हाड खाली ठेवलं. उठलो. छाती भरून श्वास घेतला.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

दम न सोडता टेबलाभोवती फिरलो. प्रत्येकाच्या कोंबडीवर अंगठा टेकवला. आधी साहेबांच्या. शेवटी कॅप्टनच्या. विंचू दिसावा तसा त्याने हात मागे घेतला. मग प्लेट लोटून दिली.

पुढचा घास कुणीच घेतला नाही. सकाळी जिंकल्यावर मला मिठ्या मारणाऱ्या सहांपैकी एकानेही नाही. वेटरने सातही प्लेटा भरलेल्या उचलल्या.

"उद्यापासून गेटवर दिसू नकोस," साहेब म्हणाले.

घरी आई वाट बघत होती. "कोंबडी कशी होती रे?"

"खाल्ली नाय. त्यांनाबी खाऊ दिली नाय."

नोकरी गेल्याचं सांगितलं तेव्हा ती रडली. मग भाकरी वाढली. पुढे दोन वर्षं मी पंचवटीत भाजीची पोती वाहिली. पहिले काही महिने रोज पस्तावलो. पाठ दुखायची तेव्हा तर फारच. पण त्या सात भरल्या प्लेटा आठवल्या की पस्तावा जायचा आणि राग उरायचा. तो राग मी जपला आहे.

आजही कुठे मला वेगळं वाढलं, तर मी आधी त्यांच्या ताटांना अंगठा लावतो. मग उठतो. उपाशी राहायचं तर सगळ्यांनीच.