धाकटीच्या रक्तातलं शिसं

इस्त्रीवालीचा आवाज मुळातच चढा. त्या दिवशी तो मुख्याध्यापिकांच्या खोलीतून थेट पटांगणापर्यंत ऐकू गेला.

"तुमच्या धाकटीला पुढच्या वर्गात घालता येणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "काहींच्या रक्तातच नसतं हो. तुम्ही तरी किती शिकलात?"

"मी दुसरीत शाळा सोडली, कबूल. पण हिची सख्खी बहीण तुमच्याच शाळेत पहिली येते! तिच्यात काय उसनं रक्त भरलंय मी?"

बाईंनी हजेरीपट मिटला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

इस्त्रीवालीच्या डोक्यातून मात्र तो जाईना. थोरली सात वर्षांची झाली तेव्हा घरामागे भट्टी सुरू झाली होती. जुन्या बॅटऱ्या फोडून तिथे शिसं वितळवायचे. थोरली दिवसभर शाळेत असायची. धाकटी त्याच वर्षी जन्मली आणि त्याच अंगणात रांगली. वाळत घातलेल्या गिऱ्हाइकांच्या शर्टांवर राखाडी धूळ बसायची, ती इस्त्रीवाली दोन-दोनदा झटकायची. पोरीची बोटं मात्र तशीच तोंडात जायची. हे आठवलं आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

सरकारी दवाखान्यात धाकटीचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टमधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"शिसं आहे. खूप जास्त. मेंदूवर परिणाम होतो याचा."

"बरी होईल ना?"

"आणखी नुकसान थांबवता येईल. झालेलं पूर्ण भरून येईल असं नाही सांगता येत."

तिथून ती तडक शाळेत गेली आणि रिपोर्ट टेबलावर आपटला. "रक्तात नाही म्हणालात ना? बघा, काय काय आहे रक्तात!"

गल्लीतल्या आणखी सहा पोरांचे रिपोर्ट तसेच आले. आया भट्टीच्या फाटकात पोरांना घेऊन बसल्या. मालक म्हणाला, "ताई, माझ्यामुळे वीस घरं जेवतात." इस्त्रीवाली म्हणाली, "आणि आमची पोरं काय खातात, ते विचार की!"

अकराव्या दिवशी भट्टी बंद झाली. महिन्याभरात ती नदीपलीकडच्या वस्तीत सुरू झाल्याचं कळलं. इस्त्रीवालीने इस्त्री विझवली, सातही रिपोर्ट पिशवीत घातले आणि पहिली बस पकडली.

धाकटी आता चौदा वर्षांची आहे. जोडाक्षरांशी अडते, चिडते, पुन्हा वाचते. "सावकाश शिकते," असं कुणी कौतुकाने म्हणालं, तरी तिच्या आईचं डोकं फिरतं.