कानाला लावलेला पेचकस

वीस वर्षांत शालिनीताई आमच्या हरिशंकरपुरमच्या घरी कितीदा आल्या असतील, पण त्या येत हळदीकुंकवाला, नाहीतर पत्रिका द्यायला. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून त्या पहिल्यांदा आल्या त्या गेल्या भाद्रपदातल्या एका शनिवारी. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा राजवर्धन उभा होता, स्कूटरची किल्ली बोटात फिरवत.

त्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. लष्कर नावाच्या पेठेत, बाडा चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांच्या यजमानांचं, शिवाजीरावांचं, दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, पंखे आणि उन्हाळ्यात कूलरच कूलर. घराणं फौजेतलं. शिवाजीराव स्क्रूड्रायव्हर उचलून म्हणत, "पणजोबांच्या हातात तलवार होती, आमच्या हातात पेचकस. लोखंड काही सुटलं नाही." शालिनीताई दुपारी डबा घेऊन जायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसायच्या. बसल्या बसल्या एखादी वायर सोलून द्यायची, एखादा स्क्रू शोधून द्यायचा, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी शिवाजीरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दुकान आठ दिवस बंद राहिलं. नवव्या दिवशी शालिनीताईंनी त्यांना ऑटोत बसवून दुकानात नेलं आणि खुर्चीत बसवलं. ते डाव्या हाताने दाखवायचे, या करायच्या. गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "भाईसाहब कहाँ हैं?" या मान वर न करता म्हणायच्या, "सामने तो बैठे हैं. मशीन दीजिए." असं करत दुकान चाललं. पण दुकानात उचलून आणता येईल तेवढंच काम. कोणाच्या घरी जाऊन, एकटीने काही उघडायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

राजवर्धन नोकरीला इंदूरला. आईबाबांना तिकडे न्यायचं त्याच्या मनात केव्हाचं होतं आणि त्यात त्याचं चुकतही नव्हतं. या खेपेला तो ठरवूनच आला होता. रविवारी दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला परत द्यायची, सोमवारी निघायचं. "बाबा दाखवतात म्हणून तुझं चालतं, आई. उद्या त्यांना दुकानापर्यंत जाणं झालं नाही, तर तू एकटी काय करणार?" हे सगळं त्यांनी मला शुक्रवारी सांगितलं, आमच्या अंतराच्या डोहाळजेवणात, वाटली डाळ वाढता वाढता. माझी लेक अंतरा सातव्या महिन्यात माहेरी आली होती, आणि तिची ओटी भरणाऱ्या पाच सवाष्णींमध्ये शालिनीताई होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं कपडे धुण्याचं मशीन मध्येच थांबलं. पुढून काचेचं दार असलेलं मशीन. आत गुडघाभर फेसाचं पाणी, त्यात कालची हिरवी साडी आणि टॉवेल, आणि बाहेर कुलपाचा लाल दिवा मिचमिचतोय. दार काही उघडेना. कंपनीच्या नंबरावर फोन केला, तर तिकडच्या मुलीने दिव्याचा रंग विचारला आणि सांगून टाकलं, "मॅडम, डोअर लॉक खराब है. पार्ट आने में आठ दिन लगेंगे." आठ दिवस ओले कपडे! अंतरा म्हणाली, "आई, शालिनीकाकूंना विचार ना. बुला लो, क्या फ़र्क पड़ता है?"

फरक पडत होता, आणि तो मला माहीत होता. मी भीतभीतच फोन केला. मशीन कसं थांबलं ते त्यांनी विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "येते. यांना नाही आणत. एकटीच येते."

एकटी कुठली! राजवर्धन बरोबर होताच. न्हाणीघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तुम्ही आईला उगीच परीक्षेला बसवलंत." मला भारीच वाईट वाटलं. शालिनीताईंनी मात्र पदर खोचला, चष्मा लावला आणि मशीनसमोर चक्क मांडी घालून बसल्या.

"वहिनी, आधी सांगा, ओढाओढ केलीत?"

"केली थोडी," मी म्हटलं.

"थोडी?" अंतरा म्हणाली. "पाय लावून खेचत होती, काकू."

"बघा! आणि नाव लॉकचं." त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दारातून टक् असा आवाज आला. मग त्यांनी पिशवीतला लांब पेचकस काढला, त्याचं टोक मशीनच्या खालच्या पत्र्याला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतात ना, तसं. शिवाजीराव असंच करायचे. मशीन आतल्या आत गुरगुरत होतं.

राजवर्धनला दम धरवेना. "आई, असल्या मशीनला खाली एक दोरी असते. मी व्हिडिओ बघितलाय. ती ओढली की दार खटकन उघडतं. दोन मिनिटांचं काम." आणि तो वाकून खालचं झाकण उघडायलाही लागला.

"हात काढ." आवाज चढला नव्हता, पण त्याने हात काढला. "दोरी आहे, मला दिसली. पण आत पाणी किती आहे ते बघितलंस? दार उघडलं की ते सगळं अंतराच्या पायाशी. या दिवसांत घसरली म्हणजे?"

तो अर्धं पाऊल मागे सरला. पण बोलायचा थांबला नाही. "मग लॉकच गेलंय ना? कंपनी काय वेडी आहे?"

"लॉक बरं आहे. आत्ता टक् वाजलं, ऐकलं नाहीस? आत पाणी आहे तोवर ते सोडणार नाही, ते त्याचं काम करतंय. पाणी का जात नाही ते बघायचं." असं म्हणत त्या काचेशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. बराच वेळ. मला वाटलं, अडकल्या. राजवर्धनलाही तेच वाटलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, "बाबांना व्हिडिओ कॉल लावू?"

"नको." बोटाचं नख त्यांनी काचेवर एका जागी टेकवलं. "वहिनी, इकडे या. हे काय आहे?"

काचेच्या आतून, रबराच्या कडेशी एक दाणा चिकटला होता. कुंकवाने लाल झालेला तांदूळ.

मी अंतराकडे पाहिलं, अंतराने माझ्याकडे. आमच्या घरची रीत अशी, की ओटीतलं थोडं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी न्हाणं झालं की सोडायचं. तांदळाची खीर करायची, बाकी देवाजवळ ठेवायचं. सकाळी अंतरा न्हायली, मी तिची साडी उचलली आणि गाठीसकट मशीनमध्ये टाकली. एम.ए. झालेली बाई मी!

"गाठ सुटली असणार," मी म्हटलं. तोंड लपवायला जागा नव्हती.

"सुटली आणि खाली गेली," शालिनीताई म्हणाल्या. "पंप नुसता घुमतोय, फिरत नाहीये. वाटेत काहीतरी बसलंय. राजा, प्लग काढ. वहिनी, परात द्या, आणि जुनी फडकी असतील तेवढी."

खालच्या झाकणामागून त्यांनी बोटाएवढी नळी ओढली, तिचं बूच काढलं आणि परात लावली. पाणी निघालं. परात भरली की बूच लावायचं, परात मोरीत ओतायची, पुन्हा लावायची. परात उचलायचं काम आपोआप राजवर्धनकडे आलं. अकरा पराती झाल्या. आठव्या परातीला तो धापा टाकत म्हणाला, "दोरी ओढली असती तर…" आणि पुढचं बोललाच नाही.

पाणी संपल्यावर त्यांनी नळीशेजारचा गोल झाकणासारखी गाळणी फिरवून बाहेर काढली. तिच्याबरोबर फडक्यावर आला फुगलेल्या तांदळाचा लगदा, एक हळकुंड, खारकेची बी, आणि अगदी मागे, पंपाच्या पंख्यात रुतलेली अख्खी सुपारी. ती काढायला त्यांना चिमटा लावून चांगली दहा मिनिटं झगडावं लागलं. कपाळावर घाम आला, चष्मा घसरला. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "थांबा वहिनी, आता हलवू नका मला."

सुपारी निघाली. तिच्याकडे बघून त्या हसायलाच लागल्या. "ही तर माझीच! बाकीच्यांनी लहान आणल्या होत्या. मी म्हटलं, पहिलटकरणीची ओटी, मोठी बघून घ्यावी."

"म्हणजे आई, फॉल्ट तुझाच," राजवर्धन म्हणाला, पण आता त्याच्या बोलण्यातला काटा गेला होता.

गाळणी धुऊन बसवली, प्लग लावला. त्यांनी फक्त पाणी काढायचं बटण दाबलं आणि पुन्हा पेचकस कानाला लावला. या वेळी गुरगुर नव्हती, सरळ भर्रर आवाज आला, नळीतून उरलंसुरलं पाणी मोरीत पडलं. मशीन थांबलं. आम्ही चौघं त्या लाल दिव्याकडे बघत होतो. एक मिनिट गेलं असेल, मला तर तासभर वाटलं. मग टक्. दिवा विझला. शालिनीताईंनी दोन बोटांनी दार ओढलं, आणि ते उघडलं.

अंतराने टाळ्या वाजवल्या. साडी ओली गच्च होती, पण धड होती. शालिनीताई तशाच मांडी घालून बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. मग म्हणाल्या, "चहा टाका वहिनी. आलं घाला जरा."

चहा होतोय तोवर राजवर्धनने स्वतःच वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. शिवाजीरावांचे शब्द हल्ली मोजकेच आणि ओढत येतात. "पंप… की… लॉक?"

"सुपारी," शालिनीताई म्हणाल्या.

पलीकडून घोगरं, लांबलेलं हसू आलं. राजवर्धन फोनकडे बघतच राहिला. नंतर मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "काकू, झटक्यानंतर बाबांना हसताना मी ऐकलं नव्हतं."

चहा पिऊन झाल्यावर तो पायात चपला अडकवता अडकवता आईला म्हणाला, "उद्या मालकाकडे नाही जात मी. दुकानात जातो."

"कशाला?"

"शटर जड झालंय. सोमवारी मी गेल्यावर ते तुला एकटीला उचलता यायचं नाही. ग्रीस लावून ठेवतो."

शालिनीताई उठल्या. पेचकस पुसून पिशवीत ठेवला, पिशवी त्याच्या हातात न देता आपल्याच खांद्याला लावली आणि स्कूटरवर मागे बसल्या.