आम्ही साफ केलेला तलाव

अन्याय झाला तो मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या मामीवर. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसात ते दुपारी एक. करणारे आम्ही, गावातली शिकलेली पोरं-पोरी. हातात विळे, गळ्यात एकसारखे पिवळे दुपट्टे आणि खिशात मी लिहिलेलं पत्रक.

मामी म्हणजे माझ्या आईच्या भावाची बायको नव्हे. आमची वस्ती विहाराच्या अलीकडे, तिची तलावाच्या पाळीला लागून, मधे एक बोळ. नवा तांदूळ निघाला की आमची आई तिच्याकडे पाठवायची. तिच्याकडून यायची ढेस, म्हणजे तलावाच्या चिखलातून ओढून काढलेलं कमळाचं मूळ. भाजी फक्कड होते. मामी म्हणायला एवढं नातं पुरे होतं.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. शनिवार-रविवारी तुम्ही नागपूरहून, चंद्रपूरहून येता ते हेच, किंवा असंच दुसरं. पहाटे जिप्सीतून वाघ, मग डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्या, दुपारी धबधबा, संध्याकाळी मनोऱ्यावरून पक्षी. वाघ दिसला नाही तर पोरं रडतात, तेव्हा त्यांना तलावात बोटीत बसवायचं. वाघ बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून आमच्या गावात तलावाला फार महत्त्व आलं.

पत्रकं लिहायला मी गडचिरोलीला कॉलेजात शिकले. एसटीची फेरी बंद झाली, पत्रक. वसतिगृहात पाणी नाही, पत्रक. वाक्य लहान, अक्षर मोठं, आणि वाचणारा शरमला पाहिजे. ते मला जमायचं. गावी परतले तेव्हा आमच्या पोरांनी पर्यटनाचं मनावर घेतलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घरटी एक जण हैदराबादला किंवा पुण्याला कुठल्या तरी कंपनीच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा होता. इथं बोटी चालल्या तर चार जण तरी घरी राहतील, असं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

बोटी आल्या. हंसाच्या आकाराच्या, पायानं चालवायच्या. पहिल्याच रविवारी एका साहेबाचा हंस तलावाच्या मध्यात अडकला. पात्यांना पाण्याखालच्या वेलींचा वेढा पडला होता. साहेब, बाईसाहेब आणि दोन लेकरं तासभर त्या हंसात बसून काठावरच्यांना हाका मारत राहिली, आणि काठावरचे फोटो काढत राहिले. त्या एका तासात आमच्या तलावाचा निकाल लागला.

‘तण हटवा, तलाव वाचवा.’ मथळा माझा. ‘पिढ्यान्‌पिढ्या साचलेली घाण’ हेही शब्द माझेच. जलपर्णी शहरातल्या नद्या गिळून टाकते असं मी वाचलं होतं. आमच्या तलावात जलपर्णी नव्हती. पाण्याखाली वेलीसारखा पसरणारा चिला होता, कमळ होतं, काठाला देवधान होतं, ज्याचे दाणे खायला बदकं उतरतात. मी पाण्यातलं सगळं हिरवं एकाच दावणीला बांधलं आणि खाली लिहिलं की जो रविवारी येणार नाही त्याला गावाबद्दल आस्था नाही.

रविवारी सगळे आले. मासेमारी संस्थेतली तरुण पोरंसुद्धा आली. विकतचं मत्स्यबीज टाकून ओढजाळ फिरवायचं तर पाणी मोकळं हवं, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही कमरेभर पाण्यात उतरलो, ओळ धरली आणि कापत, ओढत, फेकत पुढे सरकलो. लाऊडस्पीकरवर गाणी होती. पोहे होते. फार मजा आली, हे मी लपवणार नाही.

मामी नऊच्या सुमारास आली. खांद्यावर हातजाळ, कमरेला बांबूची टोपली, रोजच्यासारखी. पाळीवर हिरव्याचे ढीग पाहून ती सरळ त्यांच्याकडे वळली. एका ढिगाशी बसली आणि वेलींच्या गुंत्यातून बोटाएवढ्या मासोळ्या वेचून एकेक करून परत पाण्यात टाकायला लागली. मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी दिलं. ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं, आणि वाचताना माझा आवाज सभेतल्यासारखा चढला.

ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, “जंगलातले झाडं तोडून वाघ दाखवतेत का व?”

आजूबाजूचे हसले. आमच्यातला एक जण, जो आता तिकिटाच्या खिडकीवर बसतो, पाण्यातूनच म्हणाला, “मामी, वाघाचं अलग हाय. तुमची मासोळी तं पोहते. तिले घर कायले पाहिजे?”

“तुह्या मायनं तुले रस्त्यावर जनलं का?” मामी म्हणाली. “अंडे कुठी ठेवन ते? तुह्या बोटीत?”

आता हशा त्याच्यावर झाला. पण हसून झाल्यावर सगळे पुन्हा कापायला लागले. मीही. मामी मला म्हणाली की निदान उगवतीचा कोपरा राहू दे, तिथं पाणी उथळ आहे, बोट तशीही जात नाही. मी म्हटलं, मामी, अर्धवट सफाई म्हणजे सफाई नाही. हे मी म्हटलं. बोळापलीकडच्या बाईला, जिच्या हातची ढेस खाऊन मी वाढले, तिला मी पत्रकातल्या भाषेत उत्तर दिलं. एक वाजता उगवतीचा कोपराही साफ झाला. काठावरची बेशरम, कुठंही माजणारं ते झुडूप, तेवढी कोणी तोडली नाही. तिची गुलाबी फुलं फोटोत चांगली दिसतात.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. पावसाळा आला, तलाव भरला. श्रावणात मरळीची पिल्लं निघतात. एका जागी लाल ठिपक्यांचा झुबका होतो आणि त्याच्याखाली आई राखण करत फिरते. पिल्लांवरची मरळ धरायची नाही, ही ढिवरांची रीत. पोर कितीही उपाशी असो, त्या झुबक्यात जाळं पडत नाही. त्या श्रावणात राखायला झुबकाच दिसला नाही. मामी रोज पाळीवर जाऊन यायची. माझ्या आईनं विचारलं तर म्हणायची, उशीर झाला असन यंदा.

विकतचं बीज मात्र वाढलं, थोडंफार. ते संस्थेचं, ओढजाळाचं, पुरुषांचं. बाया हातजाळानं धरायच्या ती बारीक मासोळी, शिंगी, झिंगे, ते सगळं वेलींबरोबर गेलं. हिवाळ्यात बदकं आली, दोन दिवस पाण्यावर बसली, खायला काही नाही म्हणून उडून गेली. पक्ष्यांसाठी बांधलेल्या मनोऱ्यावरून आता हंसाच्या बोटी दिसतात.

मग पाटी लागली: ‘तलावात उतरण्यास मनाई.’ पर्यटकांच्या सुरक्षेसाठी. एका सकाळी मामी हातजाळ घेऊन उतरली तर रखवालदारानं शिट्टी वाजवून तिला बाहेर काढलं. रखवालदार गावचाच, पुण्याहून परत आलेला. त्याला मीच पत्रकात वचन दिलं होतं की काम इथंच मिळेल. मिळालं. मामीलाही मिळालं. ती आता बोटीच्या धक्क्यावर झाडू मारते. तुम्ही फेकलेले वेफरचे पुडे गोळा करते. ओली साडी सुकायची वाट पाहत पाळीवर बसून गप्पा मारणाऱ्या त्या बाया आता दिसत नाहीत. उतरायलाच बंदी, तर साडी भिजेल कशानं?

मी तिच्याकडे गेले ते गेल्या उन्हाळ्यात. माफी मागायची असं ठरवून गेले होते. तिनं मागू दिली नाही. चहा ठेवला आणि विचारलं, “माफी घेऊन मी काय करू व, पोट्टे? कामाचं बोल.”

मग तिनं काम सांगितलं. वैशाखात पाणी उतरलं की उगवतीच्या कोपऱ्यात नांगर घालायचा. बेशरम मुळासकट खणायची. डोंगरापलीकडच्या तलावात चिला आणि कमळ अजून शिल्लक आहे, तिथून मुळं आणायची, ओल्या पोत्यात, त्याच दिवशी. पावसाच्या आधी चिखलात खोचायची. मोहल्ल्यातल्या बाया लावतील, त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. फक्त दोन पावसाळे त्या कोपऱ्यात बोट जाता कामा नये, आणि बायांना शिट्टी वाजता कामा नये.

“तिसऱ्या वर्षी मरळ येईन,” ती म्हणाली. “मी असली तं पाहीन.”

तिच्या गुडघ्यांना आता पायऱ्या चढवत नाहीत. त्या ‘असली तं’चा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही.

आम्ही बायांच्या अंगठ्यांसह बोटींचा कारभार पाहणाऱ्या कचेरीतल्या साहेबांना अर्ज दिला. पिवळे दुपट्टेवाले चार जण सोबत आले, बाकीच्यांना वेळ नव्हता. साहेब बोलायला भले होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाले की कोपरा बंद केला तर बोटीचा फेरा लहान होईल, पर्यटक नाराज होतील. पर्यटकांची हरकत नसेल तर बघू. मी विचारलं, पर्यटकांना विचारलं का? ते हसले. पर्यटकाला कोण विचारतं, ताई, तो येतो आणि जातो.

म्हणजे मामीचा तलाव तुमच्या नाराजीवर अडला आहे. तुम्ही नाराज होणार असं साहेबांनी परस्पर धरलं आहे, आणि खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. एवढे दिवस मी तुमच्यासाठी लिहिलं, तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही.

आता मागते. या हिवाळ्यात आमच्या गावाला आलात तर डोंगर चढा, वाघ बघा, धबधब्याला जा. बोटीत बसू नका. तिकिटाच्या खिडकीवर जाऊन मोठ्यानं सांगा की उगवतीचा कोपरा बायांना मोकळा करा, मग तिकीट काढू. तिथं तक्रारवही ठेवलेली असते, ती मागून घ्या, हेच वाक्य स्वतःच्या हातानं लिहा आणि खाली सही करा. रांगेत मागं उभ्या असलेल्यालाही लिहायला लावा. वही देत नाहीत असं म्हणाले तर खिडकीसमोरून हलू नका.